वाणाची सुई

दर संक्रांतीला दिल्लीत द्वारकेतल्या सोसायटीत अलकाताईंचं हळदीकुंकू होई आणि दर संक्रांतीला डॉक्टर लुंबिनीला बोलावणं नसे. तुमच्यात नसतं ना, असं ताई गोड हसून सांगत. लुंबिनीचा त्वचेचा दवाखाना मात्र समोरच होता आणि तिथला फुकट सल्ला त्यांना चाले.

यंदा त्याच ताई संध्याकाळी शेजारच्या संपदाला धरून दवाखान्यात आल्या. दरवर्षीचे प्लास्टिकचे डबे सोडून या शहाण्या बायकांनी वाण म्हणून फिलर, म्हणजे चेहरा भरीव करणारं टोचायचं जेल, लुटलं होतं. दोन दिवसांचा कोर्स केलेली ब्युटीशियन ताईंच्या सोफ्यावर एकेकीला बसवून गालांत, ओठांत, नाकात सुया टोचत होती.

संपदाचं नाक पांढरं पडून त्यावर जांभळी जाळी उमटली होती. दोन तास ठणकत होतं आणि दोन तास त्यावर बर्फ चोळणं चाललं होतं. रक्तवाहिनी तुंबलेली आणि वर तिला आणखी आवळणारा बर्फ! सगळ्या पदवीधर. अक्कल गहाण टाकायलाही ती आधी असावी लागते, लुंबिनीला वाटलं.

तिने फिलर विरघळवणारं इंजेक्शन काढलं. ते हाताशी असल्याशिवाय ती कुणालाही फिलर देत नसे. त्या ब्युटीशियनने त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

“नाही म्हणता आलं नाही तुला?”

“वाण कसं नाकारणार?” संपदा रडत म्हणाली. “आणि ताई म्हणाल्या, मी केलंय, बिल्कुल काही होत नाही.”

लुंबिनीला तिची दया येईना, किळसच आली. पण हात थांबले नाहीत. सुया, गरम शेक, पुन्हा सुया. तासाभराने नाकावर गुलाबी रंग परतला.

मग ताईंनी हळूच सुचवलं, की सोसायटीत अ‍ॅलर्जी म्हणून सांगू या. लुंबिनीने त्यांना बाकीच्या बायकांना फोन लावायला सांगितलं: दुखतंय का, रंग बदललाय का, डोळ्यांना नीट दिसतंय का, विचारा. ताई जागच्या हलल्या नाहीत. बोलताना त्या दुखण्याने कळवळत होत्या. दिल्लीच्या धुरकट जानेवारीत ताईंच्या तोंडावरच्या मास्कबद्दल कोण विचारतं? लुंबिनीने तो स्वतःच्या हाताने खाली ओढला.

वरचा ओठ काळानिळा, कडेला फोड.

“कधीचं?”

“काल सकाळचं. आधी माझ्यावर करून दाखवलं तिने. दुखतंय म्हणाले असते, तर आज कोण बसलं असतं? सगळी तयारी झाली होती ना.” ताईंचा आवाज बारीक झाला. “ओठ वाचेल ना?”

“कालच आला असतात,” लुंबिनी म्हणाली, “तर दोघी वाचला असतात.”

आणि तिने त्यांना आडवं व्हायला सांगितलं.