ऊबदार हात मंडळाची टोपडी

लोकरीच्या दुकानात दर बुधवारी दुपारी तीनला जे काही भरायचं, त्याला सूनबाई ‘विणकाम मंडळ’ म्हणायची आणि आत्या ‘चऱ्हाट’ म्हणायची. लोकरीचं काही वळलं जावो न जावो, तोंडाने मात्र दोन तासांत गावाला वेढा पडेल एवढं लांबलचक चऱ्हाट वळून व्हायचं.

दुकान मुळात आत्याच्या भावाचं. तो गेल्यावर भाच्याकडे आलं, आणि दुकानाबरोबर आत्याही आली, भिंतीतल्या कपाटासारखी. चौतीस वर्षं ती त्याच गल्ल्यामागे उभी होती. लोकरीची लडी दोन बोटांत चुरली की ती डोळे मिटून सांगायची, यात मेंढी किती आणि कारखाना किती. गिऱ्हाईकं तिला आत्या म्हणायची, गिऱ्हाइकांची मुलंही आत्याच म्हणायची, आणि सगळीच तिच्या जिभेला वचकून असायची. विणीत चूक दिसली की ती समोरच्याचं वय, हुद्दा, काही बघत नसे. “हे काय, स्वेटर आहे का मासे धरायचं जाळं?” असं एका निवृत्त न्यायाधीशांना ती भर दुकानात म्हणाली होती.

भाच्याच्या बायकोला, म्हणजे सूनबाईला, वाटलं की नुसत्या लोकरीने दुकान चालायचे दिवस गेले. माणसं यायला हवीत, बसायला हवीत. तिने मधली दोन कपाटं काढून तिथे सोफा टाकला, गालिचा अंथरला, चहाची किटली ठेवली. माणसं आली, बसली. मग काही केल्या उठेनात.

मंडळाच्या अध्यक्ष होत्या दातांच्या डॉक्टरांच्या पत्नी. अध्यक्षीणबाईंनी तीन वर्षांपूर्वी एक गळपट्टा विणायला घेतला होता. तो अजून सुईवरच होता. दर बुधवारी पिशवीतून निघायचा, मांडीवर निजायचा, पाच वाजता पिशवीत परतायचा. तान्ह्या बाळालासुद्धा याहून जास्त काम पडतं, असं आत्या म्हणायची. त्यांच्या उजव्या हाताला बसायच्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या भराभर विणायच्या, पण आगगाडी चुकत असल्यासारख्या; सुटलेला टाका उचलायला मागे वळणं त्यांना कमीपणाचं वाटे. बाकीच्या सात-आठ जणी या दोघींना माना डोलवायला होत्या.

आणि एक होती लाँड्रीत इस्त्री करणारी बाई. चाळिशीची, हडकुळी, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसणारी. सोफ्यावर जागा असली तरी स्टुलावरच. बुधवारी तिला अर्धी सुट्टी असे, म्हणून यायची. कोणी काही विचारलं तर “हो”, नाहीतर “नाही”, नाहीतर नुसतं हसू. मूग गिळून बसते म्हणून आत्याने तिचं नाव ठेवलं मूगबाई. आत्याने ठेवलेली नावं पुसली जात नसत. महिन्याभरात सगळं मंडळ तिला पाठीमागे मूगबाई म्हणू लागलं, आणि पाठ फारशी लांब नसल्यामुळे पुढूनही.

थंडी सुरू झाली आणि अध्यक्षीणबाईंना फोनवर कुठेतरी काहीतरी वाचून पाझर फुटला.

“सरकारी दवाखान्यात कमी दिवसांची बाळं असतात,” त्या हातातला कप खाली न ठेवता म्हणाल्या. “इवलीइवली! त्यांच्यासाठी आपण टोपडी विणायची. दोनशे! आणि आपल्या मंडळाला नाव द्यायचं, ‘ऊबदार हात’.”

“दोनशे कशाला?” आत्या गल्ल्यामागून म्हणाली. “पन्नास विणा. पण माणसाच्या डोक्यात जातील अशी विणा.”

“आत्या, आकडा मोठा असला की लोकांच्या मनात भरतो,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. लहान मुलाला समजवावं तसं.

आत्याने खांदे उडवले. मात्र नंतर तिने जे केलं, ते का केलं हे ती पुढे बरेच दिवस कोणाला सांगत नव्हती. माळ्यावर पाच वर्षं एक लोकर पडून होती. झिपरी, चकाकती, हात लावला की बोटांना केस चिकटणारी. कोणी घेत नव्हतं. आत्याने शिडी लावली, ती सगळी लोकर खाली काढली आणि मंडळासमोर ओतली. “घ्या. रंग बघा काय एकेक.” बायका तुटून पडल्या. यांना लोकरीतलं काय कळतंय, खपली तर खपली, असा तिने मनाशी हिशेब केला. ती लोकर कोणाच्या डोक्यावर जाणार आहे, हे तिच्या मनात आलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे फक्त त्या बायका होत्या आणि त्यांचा मूर्खपणा.

पुढच्या बुधवारी प्रत्येकीने आपापलं टोपडं दाखवलं. बँकवाल्या बाईंचं भोपळ्यावर चढलं असतं. कोणाचं लांबट, कोणाचं चपटं, आणि बहुतेकांवर टेबलटेनिसच्या चेंडूएवढा गोंडा. “किती गोड!” “अय्या, तुझं जास्त गोड!” असं चाललं होतं. शेवटी मूगबाईने पदराआडून आपलं काढलं. ते आत्याच्या मुठीत मावलं असतं. पातळ मऊ लोकर, बाकी पांढरं, काठ तेवढा निळा. गोंडा नाही, फूल नाही, काही नाही.

“हे काय, अंड्याची टोपी?” बँकवाल्या बाई म्हणाल्या.

“अहो, आपण बाळांसाठी विणतोय, बाहुल्यांसाठी नाही,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

आणि गल्ल्यामागून आत्याचा आवाज आला, “शिजले की मूग फुगतात. हिचे आटलेले दिसतात.”

सगळं दुकान हसलं. किटलीजवळ उभी असलेली सूनबाईसुद्धा हसली. आत्याचं वाक्य नेहमीप्रमाणे सगळ्यांत वरचढ ठरलं. मूगबाईही थोडी हसली, टोपडं घडी करून पदराआड ठेवलं आणि पाचपर्यंत बसून राहिली. त्यानंतरच्या बुधवारी स्टूल रिकामं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे आत्याच्या आलं होतं, पण ती बोलली नाही.

मूगबाई मंडळात येईनाशी झाली, पण दुकानात यायची. सोमवारी सकाळी कामावर जाताना डोकवायची, दारापाशी ठेवलेल्या टोपलीत एक-दोन पांढरी टोपडी टाकायची आणि निघून जायची. आत्या पाहायची. हाक मारावी असं एकदा तोंडाशी आलंही, पण चौतीस वर्षांत तिने लोकांना बोलून घालवलं होतं, बोलावून आणायची सवय नव्हती.

अखेर दोनशे नाही, तरी पावणेदोनशे टोपडी झाली. दवाखान्यात जाऊन ती देण्याचा समारंभ झाला. अध्यक्षीणबाईंनी ‘मायेचा धागा’ हे शब्द पाच वेळा उच्चारलेलं भाषण केलं. आत्या मोजत होती. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात अध्यक्षीणबाई होत्या, त्यांच्या खांद्याआडून इतर डोकावत होत्या, आणि टोपडी कुठेतरी खाली होती. फोटोला चौकट करून सूनबाईने तो दुकानात टांगला. आपला स्वतःचा फोटो बघत बसायला मिळाल्यापासून तर विणकाम साफच थांबलं.

पाचएक आठवड्यांनी, भर मंडळात, दवाखान्यातल्या मुख्य नर्स आल्या. उंच, शांत बाई. दोन्ही हातांत दोन फुगलेल्या पिशव्या. त्या त्यांनी गालिच्यावर ठेवल्या.

“या, या!” अध्यक्षीणबाई उठल्या. “आणखी हवीत का?”

“नाही,” नर्सबाई म्हणाल्या. “परत द्यायला आलेय. टाकून देणं बरं वाटेना. मेहनत आहे तुमची.”

बँकवाल्या बाईंनी एका पिशवीत डोकावलं; वरच त्यांचं स्वतःचं टोपडं होतं.

“मोठी होतात,” नर्सबाई सांगू लागल्या. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागत होतं. “कमी दिवसांच्या बाळाचं डोकं संत्र्याएवढं. हे घातलं की झोपेत नाकावर उतरतं. आणि या लोकरीचे केस सुटतात. त्यांना आधीच श्वास पुरत नाही हो.”

शेवटचं वाक्य ऐकताना आत्या स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

“पण निळ्या काठाची अकरा होती, ती ठेवलीत,” नर्सबाई पुढे म्हणाल्या. “अकराही रोज वापरात आहेत. धुतो, वाळवतो, परत घालतो. ती कोण विणतं? मला त्यांना भेटायचंय.”

बँकवाल्या बाईंनी अध्यक्षीणबाईंकडे पाहिलं. अध्यक्षीणबाईंनी गळपट्टा सरळ केला. “मंडळात असं एकाएकाचं नाव नसतं,” त्या म्हणाल्या. “ती आमच्या मंडळाचीच.” आणि हे म्हणताना डोक्यावरच्या भिंतीवर चौकटीत त्यांचाच चेहरा थाळीएवढा हसत होता.

“मंडळाची नाहीत,” आत्या म्हणाली. “मंडळाने तिला हसून घालवली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. आणि ही केसाळ लोकर माळ्यावरून मी काढून दिली. यांना कळत नव्हतं. मला कळत होतं.”

नर्सबाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. “निरोप द्याल त्यांना?” एवढंच विचारून त्या गेल्या.

त्या रस्ता ओलांडतात न ओलांडतात तोच अध्यक्षीणबाईंना वाचा फुटली. फुकट मिळालं की लोकांना किंमत नसते, सरकारी खात्यात कृतज्ञता उरलेली नाही, आणि आत्यांनी असं परक्या माणसापुढे मंडळाला तोंडघशी पाडायला नको होतं. आठवड्याभरात त्यांनी तोडगा काढला. टोपडी भटक्या कुत्र्यांच्या आश्रमाला द्यायची. दिली. पुन्हा फोटो आला. कुत्र्यांनी दोन दिवसांत सगळ्या टोपड्यांच्या चिंध्या केल्या. कुत्र्यांना ‘किती गोड’ म्हणता येत नाही, म्हणून ती निदान खरी वागली, असं आत्याचं मत पडलं.

नर्सबाई आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्याने गल्ला सूनबाईकडे सोपवला आणि ती लाँड्रीत गेली. लांबट खोली, वाफेने पांढरी झालेली खिडकी, पाठीमागे चादरींचे ढीग. मूगबाई उभ्याने इस्त्री फिरवत होती. आत्याला बघून तिने इस्त्री उभी केली.

आत्याने नर्सबाईंचा निरोप सांगितला. अकरा टोपडी, धुऊन वाळवून. मूगबाई ऐकत राहिली. कान तेवढे लाल झाले.

“तुम्हाला माप कुठून मिळालं?” आत्याने विचारलं.

“विचारलं.”

“कोणाला?”

“दवाखान्यात गेले. खिडकीवर विचारलं. एक शिकाऊ नर्स होती, तिनं आत जाऊन लोकरीच्या धाग्यानं मोजून आणलं. गाठ मारून दिली.” तिने एवढं बोललेलं आत्याने पहिल्यांदाच ऐकलं. “लोकर कुठली घेऊ तेही तिलाच विचारलं.”

बस्स, एवढंच. विचारलं. आत्या चादरींच्या ढिगाला टेकली. चौतीस वर्षं ती लोकांच्या चुका दाखवत आली होती, टाका मोजून, काठ ओढून, चार माणसांत. आणि लाँड्रीपासून चार गल्ल्यांवर असलेल्या दवाखान्यात जाऊन एक प्रश्न विचारायचं तिला सुचलं नव्हतं. अध्यक्षीणबाईंना सुचलं नाही यात आश्चर्य नव्हतं; त्यांना स्वतःखेरीज काहीच सुचत नसे. पण मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? त्यांना विणता येत नाही आणि आपल्याला येतं, एवढाच? तो फरक काही बाळांच्या कामी आला नव्हता.

“परत या,” आत्या म्हणाली. “बुधवारी.”

“नको. तिथे फार बोलतात.”

“मी नाही बोलणार.”

मूगबाई हसली. तोंड दाबून नाही, मोकळी. “तुम्ही? त्याआधी आत्याबाईला मिशा फुटतील.”

चांगलं बोललेलं आत्याला कळत असे. हे चांगलं होतं, आणि तिला चांगलंच लागलं.

“मला ठाऊक आहे तुम्ही मला काय म्हणता,” मूगबाई इस्त्री उचलत म्हणाली. “सोमवारी सकाळी येईन. अर्धा तास. कोणी नसताना.”

ऊबदार हात मंडळ हिवाळा संपायच्या आत फुटलं. फुटलं म्हणजे अध्यक्षीणबाईंनी ते स्वतःच्या घरी नेलं, कारण त्यांच्या मते दुकानातलं वातावरण सर्जनशील राहिलं नव्हतं. तिथे आता त्या सुगंधी मेणबत्त्या करतात. केलेल्या मेणबत्त्या वाकड्या होतात, आणि त्या नवऱ्याच्या दवाखान्यात ठेवतात, जिथे रोग्यांना तोंड उघडता येतं पण बोलता येत नाही. सूनबाई थोडे दिवस रुसली. मग सोफ्यावर भाचा दुपारी आडवा होऊ लागला, आणि गिऱ्हाईक आलं की त्याला उठवायचं काम तिला लागलं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी दोन स्टुलं खिडकीशी येतात. आत्याने आयुष्यात स्वेटर विणले, शाली विणल्या, मोज्यांच्या टाचा तर ती अंधारातही वळवते. पण एवढं लहान काम तिने कधी केलं नव्हतं. गाठ मारलेला तो धागा मध्ये ठेवून तिने दोन आठवड्यांत पाच टोपडी केली. देखणी, एकसारखी, काठ घट्ट आणि सरळ. आपल्या कामाकडे बघून तिला जसं नेहमी वाटे तसंच वाटलं. मूगबाई ती घेऊन दवाखान्यात गेली आणि पुढच्या सोमवारी पाचही परत घेऊन आली.

“काय झालं?” आत्याने विचारलं.

“काठ घट्ट आहे. कपाळावर वळ उठतो.”

“वळ? चौतीस वर्षं मी काठ असाच...” आत्या बोलायला लागली.

मूगबाईने बोटाने काठ ताणून दाखवला. जेमतेम हलला. मग टोपडं आत्याच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, “उसवा.”

आत्याने तोंड उघडलं, मिटलं, टोकाचा धागा शोधला आणि उसवायला घेतलं.