एकाच्या नावावरची बंदूक

मित्रांनो, ठासणीची बंदूक तुम्ही कधी जवळून पाहिली आहे का? नसेल, तर फार काही गमावलेले नाही. लांब नळी, लाकडी दस्ता, नळीखाली खोचलेला लोखंडी गज आणि वर घोडा, एवढाच आमचा थाट. मी अशीच एक म्हातारी बंदूक. तालुक्याच्या कचेरीतल्या एका कोंदट खोलीत, जप्तीच्या सायकली आणि बोथट कुऱ्हाडींच्या शेजारी मी भिंतीला टेकून उभी आहे. इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. शिपाई झाडायला येतो, तोसुद्धा मला वळसा घालून झाडतो.

माझा जन्म बिहारातल्या मुंगेरचा. तिथल्या कारागिरांच्या कित्येक पिढ्या बंदुका घडवण्यात गेल्या. माझी नळी घासणारा म्हातारा मला डोळ्याशी धरून उजेडाकडे पाही आणि खुशीने मान डोलावी. तेव्हा माझी छाती फुगून येई. आपण आता कुठल्यातरी मोठ्या लढाईवर जाणार, अशी माझी समजूत होती. लढाई कसली नि काय! आगगाडीत पेटीत पडून मी पुण्याला आले आणि एका दुकानात काचेमागे उभी राहिले. शेजारी काडतुसांच्या विलायती बंदुका होत्या. माझ्यात तोंडाकडून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासावे लागते, हे पाहून त्या नाके मुरडत.

एके दिवशी दुकानात अर्जुनराव आले. पागोटे, धोतर, तळहाताला घट्टे, आणि खिशात शेतीच्या रक्षणाचा परवाना. चाकण आणि तळेगाव यांच्या मधे डोंगराच्या पायथ्याला वाघजाईवाडी म्हणून लहानसे गाव आहे, तिथले ते शेतकरी. रानडुकरांनी त्यांचा भुईमूग उकरून फस्त केला होता. दुकानदाराने त्यांना बजावले, "हे पाहा, ही तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. तसा कायदा आहे."

"न्हाई जी. माजी बंदूक दुसऱ्याच्या हाती कशाला जाईल?" अर्जुनराव म्हणाले. ते मनापासून बोलत होते, याबद्दल मला अजूनही शंका नाही.

गावात माझे काय स्वागत झाले म्हणून सांगू! अर्जुनरावांच्या पत्नी शालनबाई यांनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळे गाव मला पाहायला लोटले. पहिल्याच हंगामात माझा आवाज डोंगरात घुमला आणि डुकरांनी अर्जुनरावांच्या रानाकडे पाठ फिरवली. मी खूश होते. डुकरेसुद्धा शहाणी निघाली. त्यांनी अर्जुनरावांचे रान सोडले आणि शेजारचे धरले.

ते शेजारचे रान कोंडाजीचे. कोंडाजी म्हणजे गावातला बोलका माणूस. तो आला की चावडीवर हशा पिके. त्याची बायको गोजाबाई अबोल आणि कष्टाळू. त्यांना दोन लहान लेकी. डोंगराला लागून असलेल्या त्यांच्या तुकड्यात बटाटे होते आणि डुकरे रोज त्यांत नांगर फिरवून जात होती. एका संध्याकाळी कोंडाजी अर्जुनरावांच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. आज त्याच्या तोंडी थट्टा नव्हती.

"अर्जुनराव, आजच्या रातीला बंदूक द्याल का?"

अर्जुनरावांनी माझ्याकडे पाहिले, मग कोंडाजीकडे पाहिले. दुकानदाराचे शब्द त्यांना आठवले असावेत, कारण ते जरा घुटमळले. पण शेजाऱ्याचे पीक डोळ्यांदेखत जात असताना त्याला नाही म्हणणे त्या गावात कोणाला येतच नव्हते. त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि कोंडाजीच्या हाती दिले.

एकदा दिली ती दिलीच. पुढे मला सोपानरावांनी नेले, मग चिमाजीने नेले, मग पाळ्याच लागल्या. परवाना अर्जुनरावांचा आणि बंदूक वाघजाईवाडीची, असे होऊन बसले. मला कोणी विचारले नाही. खरे सांगायचे तर मलाही ते आवडत होते. इतकी घरे आपली वाट पाहतात, म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही?

सोपानराव पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. चावडीवर बसले की कायद्यावर तोंडसुख घेत. "हत्याराचा कायदा केला कुनी? इंग्रजानं. आपल्या हातातली हत्यारं काढून घ्यायला केला. त्यो गेला आन कायदा हितंच ठेवून गेला. आता आपलं राज्य हाय. घरटी एक बंदूक पायजेल!"

"नगा हो सोपानराव," कोंडाजी हात जोडून म्हणे, "घरटी बंदूक आली तर बांधाच्या भांडनाला कोर्टात जायला नगं. सकाळी भांडन, दुपारी तेराव्याचं जेवान!"

सगळे हसत. चिमाजी तेवढा हसत नसे. तो वयाने मोठा, सावध माणूस. "हत्यार घरात असलं का माणसाचा राग पैल्यांदा त्याच्याकडंच बघतो," असे तो हळूच म्हणे. पण डुकरे आली की पाळी चुकवायला तोही तयार नसे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करणे कटकटीचे असते. बार काढला तर दारू फुकट जाते, आणि दारू मोजकीच मिळते. म्हणून रात्री डुकरे आली नाहीत तर राखणदार मला तशीच भरलेली परत आणी. मात्र घोड्याखाली एक छोटी टोपी बसवावी लागते, तिला केप म्हणतात. ती फुटली तरच आतली दारू पेटते. ती केप काढून ठेवली की झाले, असे सगळे समजत. आणि पुढच्याला कळावे म्हणून भरलेल्या नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबत. चिंधी आहे, बंदूक भरलेली. चिंधी नाही, रिकामी. ही खूण पुरुषांनी शेतावर आपसांत ठरवली होती. घरात कोणी सांगितली नव्हती.

वाघजाईवाडीची दसऱ्याचीही एक रीत होती. सीमेवर गावाचा एक मान्यवर आपट्याची फांदी छातीपुढे धरून उभा राही. मी आल्यापासून अर्जुनराव त्या फांदीवर मला रोखून नुसती केप फोडत. दारू नाही, छर्रे नाहीत, फक्त 'फट्' असा आवाज. त्या आवाजाबरोबर लोक फांदीवर तुटून पडत आणि सोने लुटत. दारू वाचे आणि मानही राही.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या रात्री राखणीची पाळी कोंडाजीची होती. डुकरे आली नाहीत. सकाळी त्याने केप काढली, नळीत चिंधी कोंबली आणि मला अर्जुनरावांच्या घरी आणले. अर्जुनराव झेंडूची फुले आणायला चाकणला गेले होते. "वयनी, घ्या, आज हिचा सण हाय," असे हसत म्हणत त्याने मला शालनबाईंच्या हाती दिले आणि तो गेला.

शालनबाईंनी अंगणात पाट मांडला. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड यांच्या रांगेत मला ठेवले. मला तेल लावून पुसले. नळीच्या तोंडात कोंबलेली काळी, तेलकट चिंधी त्यांना दिसली. सणाच्या दिवशी देवापुढे असली घाण कशी ठेवायची? त्यांनी ती ओढून काढली, साबण लावून धुतली आणि कुंपणावर वाळत घातली. अर्जुनराव फुले घेऊन आल्यावर मला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली आणि डोळे मिटून हात जोडले. घरादाराचे, गावाचे रक्षण कर, असे काहीतरी त्या पुटपुटत होत्या. मित्रांनो, मला त्या वेळी वाचा असती तर! पण लोखंडाला वाचा नसते.

दुसऱ्या दिवशी सीमेवर गाव जमले. त्या वर्षी फांदी धरायचा मान कोंडाजीचा होता. नवे पागोटे बांधून, फांदी छातीपुढे धरून तो उभा राहिला. बायकांच्या घोळक्यात गोजाबाई दोन्ही लेकींना घेऊन उभी होती.

"बघितली का अर्जुनराव?" चिमाजीने विचारले.

अर्जुनरावांनी नळीच्या तोंडावरून बोट फिरवले. "चिंधी न्हाई. रिकामीच हाय."

भरलेली बंदूक अर्जुनरावांनी रिकामी केली असणार, असे कोंडाजी समजून चालला होता. चिंधी नाही म्हणजे कोंडाजीने रिकामीच परत आणली, असे अर्जुनराव समजले. अर्जुनरावांनी केप बसवली. "करा लवकर, हात भरून आला!" कोंडाजी ओरडला आणि लोक हसले. ते हसू संपायच्या आत घोडा पडला.

त्यानंतरचे मला सांगवत नाही. फांदीची पाने उडाली आणि त्यांच्या मागे कोंडाजी खाली बसला. त्याला बैलगाडीत घातले, पण गाडी चाकणच्या रस्त्याला लागण्यापूर्वीच तो गेला. अर्जुनराव मला तसेच छातीशी धरून उभे होते. त्यांच्या हातातून मला काढून घेताना पोलिसांना त्यांची बोटे एकेक करून सोडवावी लागली. शालनबाईंना खरे काय झाले ते संध्याकाळी कळले. त्या कुंपणापाशी गेल्या आणि ती वाळलेली चिंधी मुठीत घेऊन तिथेच बसून राहिल्या. त्यांना घरात न्यायला कोणाला धीर होईना.

अर्जुनरावांना कैद झाली, परवाना रद्द झाला आणि मी कचेरीत आले. अर्जुनराव सुटून आले तेव्हा ते चावडीवर बसेनासे झाले होते.

मी गेल्यावर डुकरांना मोकळे रान मिळाले. सर्वांत आधी गोजाबाईचे बटाटे गेले. एकटी बाई रात्रभर मचाणावर बसून डबा बडवी, आणि डब्याला डुकरे भीत नसत. शेवटी गावाने अर्ज केला की याच बंदुकीचा परवाना नव्या नावावर मिळावा. नाव कोणाचे? डोंगराला रान लागून असलेल्या गोजाबाईचे. तिला गरजही सर्वांत मोठी होती. चौकशीसाठी तालुक्याहून एक साहेब आले आणि ओळख पटवण्यासाठी मलाही बरोबर आणले.

चावडीवर पुन्हा तोच वाद सुरू झाला. सोपानराव म्हणाले, "साहेब, दिल्लीला नवा कायदा व्हतोय म्हंत्यात. त्यो सैल करा म्हनावं. बंदुकीशिवाय हितं शेती व्हत न्हाई."

"आन कोंडाजीचं काय?" चिमाजी म्हणाला. "नगा आनू ती परत. उपाशी राहू."

"उपाशी ती राहनार, तू न्हाई!" सोपानराव गोजाबाईकडे बोट दाखवून कडाडले. अर्जुनराव पार टोकाला पागोटे मांडीवर घेऊन बसले होते.

साहेबांनी विचारले, "बाई, तुमचे काय म्हणणे आहे?"

गोजाबाई उठून माझ्याजवळ आली. मला वाटले, ती माझ्यावर थुंकेल. तिने तसे केले असते तरी मला वाईट वाटले नसते. तिने माझ्या दस्त्यावर नुसता हात ठेवला. तो हात थंडगार होता.

"साहेब, परवाना माज्या नावाचा झाला का ही मीच वापरायची, व्हय ना?"

"होय. फक्त तुम्हीच."

"आन शेजाऱ्याच्या रानात डुकरं शिरली, त्यो रातीचा माज्या दारात आला, तर?"

"तरीही द्यायची नाही. कायद्याने गुन्हा आहे."

गोजाबाईने दस्त्यावरचा हात काढून घेतला आणि ती म्हणाली, "कायदा बराबर हाय साहेब. पर मला न्हाई जमायचं. मी देनार. आमच्या मालकांनी दारात जाऊन मागितली, तवा अर्जुनभावजींनी न्हाई म्हटलं न्हाई. उद्या माज्या दारात कोन आलं तर माजीबी जीभ न्हाई उचलायची. घिऊन जा तिला."

टोकाला बसलेल्या अर्जुनरावांनी पागोट्यात तोंड लपवले. साहेबांनी मला गाडीत ठेवायला सांगितले.

त्या हंगामातही तिचे बटाटे गेले. पुढे तिने रान पडीक टाकले आणि लेकींना घेऊन पिंपरीला गेली. तिकडे नवे कारखाने उभे राहत आहेत, तिथे ती डोक्यावर विटा वाहते, असे शिपाई एकदा म्हणाला. मला नाकारण्याची तिने एवढी किंमत मोजली, हे कळल्यापासून मला या कोंदट खोलीचा कंटाळा येत नाही.

मित्रांनो, दिल्लीत नवा कायदा होईल. तो कडक असेल की सैल, हे मला ठाऊक नाही. तुम्ही मोठे व्हाल आणि एखाद्या दिवशी माझ्यासारखीला घरी आणण्याचा विचार तुमच्याही मनात येईल. तेव्हा नेम कसा आहे, हिंमत किती आहे, हे पाहू नका. गोजाबाईने साहेबांना विचारले, ते स्वतःला विचारा: ओळखीचा, भला माणूस दारात उभा राहिला, तर मी त्याला नाही म्हणू शकेन का? खरे उत्तर द्यायला तिला सगळे रान सोडावे लागले. तुम्हालाही तेच उत्तर आले, तर कृपा करून मला इथेच राहू द्या. माझ्या नळीला गंज चढू द्या. घोडा जाम होऊ द्या. मला तेल लावायला कोणी येऊ नका.