उत्तनची दुर्बीण

सुगंधाबाईंनी गळ्यातली मोहनमाळ काढून सुनेच्या हातात ठेवली, तेव्हा सुचेताला रडूच कोसळलं. दुसरी कुणी असती तर हुरळून गेली असती. पण सुचेता सासूला पुरती ओळखून होती. वाटीभर साखर उसनी दिली तर ती परत येईपर्यंत शेजारणीच्या दाराकडे डोळे लावून बसणारी ही बाई. तिने सोनं असं चहाच्या कपासारखं पुढे करावं, म्हणजे काहीतरी बिनसलंय.

"आई, तुम्हाला होतंय तरी काय? खरं सांगा."

"मला काय धाड भरलीय? घाल म्हटलं की घालायची."

पण ते बोलणंही मिळमिळीतच. नातवाचं, निकेतचं लग्न झाल्यापासून म्हातारीच्या जिभेची धारच गेली होती. आमटी खारट झाली, गप. कामवालीने दांडी मारली, गप. सुचेताचा नवरा जितेंद्र रात्री बायकोला हळूच म्हणाला, "आईने आज मला एकदाही मूर्ख म्हटलं नाही गं." आणि उठून दिवा लावून बसला.

त्यात डोळ्याचं ऑपरेशन. सुगंधाबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, डॉक्टरांनी शुक्रवार दिला होता, आणि ही बाई म्हणत होती, "कशाला? आता बघायचं काय राहिलंय?"

कारण काय ते एकट्या सुगंधाबाईंना ठाऊक. त्यांच्या घरची रीत अशी, की नवी सून माप ओलांडून आत आली की त्याच संध्याकाळी घरातल्या मोठ्या बाईने तिला अरुंधती दाखवायची. सप्तर्षींच्या शेपटाकडून दुसरा तो वसिष्ठ, आणि त्याला चिकटून बारीकशी त्याची बायको, अरुंधती. नवरानवरीने तसंच एकमेकांना धरून राहावं म्हणून दाखवायची. रत्नागिरीला अंगणात उभं करून दाखवत, इथे भाईंदरला बिल्डिंगच्या गच्चीवरून. निकेतच्या नवरीला, स्वातीलाही सुगंधाबाईंनी गच्चीवर नेलं. ऐटीत हात वर केला, बोट रोखलं, आणि बोटाच्या टोकाला काहीच नव्हतं. वसिष्ठ दिसला, तोही धुरकट. अरुंधतीचा पत्ता नाही.

आणि गावाकडची त्यांची आत्या सांगायची, ज्याला अरुंधती दिसेनाशी झाली त्याचे सहा महिने उरले.

"दिसली का गं?" त्यांनी स्वातीला विचारलं. आवाज ताठ ठेवला.

"हो आजी, दिसली."

मागून निकेत म्हणाला दिसली, जितेंद्र म्हणाला दिसली, सुचेता म्हणाली दिसली. अख्ख्या घराला दिसली, नाही ती एकट्या आपल्यालाच. मग दुसरा काय अर्थ काढायचा? सुगंधाबाईंनी तिथल्या तिथे मनाशी धरलं, दिवाळीचा फराळ काही आपल्या नशिबात नाही.

ही स्वाती उत्तनची, कोळ्याची मुलगी. सोयरीक जुळताना सुगंधाबाईंनी बरंच नाक मुरडलं होतं. "घरात सुकटीचा वास सुटेल," असं व्याह्यांच्या तोंडावर बोलल्या होत्या. जशा काही स्वतः जन्मभर तुळशीच्या पानावर जगल्या होत्या! तेव्हा स्वातीचे वडील महिपत हसून म्हणाले होते, "वास न्हाय आवडला तर नाक धरा, बाय. पन कालवन सोडू नका!"

तर एका दुपारी गच्चीत कुरडया वाळत होत्या. कावळे हाकायला आजी आणि नातसून दोघीच. स्वाती म्हणाली, "आजी, ऑपरेशनला घाबरता ना तुम्ही?"

"घाबरते कोण? सुईण यायच्या आधी बाळंत झालेली बाई आहे मी!"

"मग नको का म्हणता?"

सुगंधाबाईंनी काठी आपटली. कावळा उडाला. "कुणाला सांगितलंस तर उत्तनला परत पाठवीन," असं बजावून त्यांनी सगळं सांगितलं. आत्याचं, अरुंधतीचं, सहा महिन्यांचं. वाटलं, पोरगी फिदीफिदी हसेल. पोरगी हसली नाही. उठली, चपला घातल्या आणि थेट माहेरी गेली.

दुसऱ्या दिवशी परत आली ती गळ्यात दुर्बीण अडकवून. काळी, रंग उडालेली, पट्टा तुटला म्हणून जाळ्याची दोरी बांधलेली.

"बाबांची आहे. बोटीवर असते."

"आणि मी काय गच्चीत बसून बोटी मोजू?"

"तुम्ही चला तर."

दिवेलागण झाली, तारे नीट उमटले, तशी दोघी वर गेल्या. स्वातीने आजीचा चष्मा काढला, दुर्बिणीच्या दोन्ही नळ्या जवळ ओढून डोळ्यांच्या मापाच्या केल्या आणि म्हणाली, "आधी समोर बघा. डाव्या डोळ्याला स्वच्छ दिसेपर्यंत हे चाक फिरवा."

सुगंधाबाईंनी चाक फिरवलं. समोरच्या बिल्डिंगमधलं एक स्वयंपाकघर एकदम अंगावर आलं.

"अगं बाई! ही उर्मिला! सकाळी सांगत होती कडक उपास आहे, आणि कांदाभजी तळतेय!"

"आजी, तिकडे नको. वर."

वर काही सापडेना. हात थरथरत होते, तारे काजव्यांसारखे पळत होते. स्वाती त्यांच्या पुढ्यात पाठमोरी उभी राहिली. "कोपरं माझ्या खांद्यांवर टेका. आणि दुर्बिणीतून शोधू नका. आधी नुसत्या डोळ्याने वसिष्ठ धरा. त्याच्यावरची नजर हलवायची नाही, दुर्बीणच डोळ्यांपुढे आणायची."

सुगंधाबाईंनी वसिष्ठ धरला. दुर्बीण आणली.

वसिष्ठ लखलखीत होता. आणि त्याच्या शेजारी, मुळीच चिकटून नव्हे, चांगली सुटवांग, स्वतःच्या तेजाने ती उभी होती.

"आहे," सुगंधाबाई म्हणाल्या. "आहे गं. जागची हललेली नाही."

"मध्ये जरा बाजूला आणखी एक बारीक आहे बघा. दिसतो?"

"दिसतो की. नवराबायकोच्या मध्ये ना? सासू असणार."

स्वातीचे खांदे हसून हलायला लागले. "हलू नकोस, मेले! तारे सांडतायत." मग त्यांना आठवलं. "तुला त्या दिवशी बरी दिसली गं, दुर्बिणीशिवाय?"

"कुठली दिसतेय? खाली एवढे दिवे, वर सगळी धूळ. दिसली नव्हतीच. काल सांगितलं असतं, तर तुम्ही मलाही सहा महिन्यांत पोचवलं असतंत."

सुगंधाबाईंनी दुर्बीण खाली घेतली आणि जिन्यात तोंड घालून सगळ्यांना हाक मारली. सगळे धावत वर आले. म्हातारी पडली की काय अशा चेहऱ्यांनी.

"खरं बोलायचं. लग्नादिवशी अरुंधती कोणाकोणाला दिसली?"

निकेत पायाकडे बघायला लागला. जितेंद्र म्हणाला, "सगळे दिसली म्हणाले, म्हणून मी पण..." सुचेता तर म्हणाली, "आई, मला माझ्या लग्नातसुद्धा दिसली नव्हती. भूक लागली होती, मान हलवली."

"म्हणजे तू इतकी वर्षं मेलेलीच आहेस!"

मोठ्याने हसली ती सुचेताच आधी. हसता हसता डोळे पुसायला लागली. सुगंधाबाईंनी मग एकेकाला दुर्बीण दिली, कोपरं टेकवायला खांदा मात्र प्रत्येक वेळी स्वातीचाच. सगळ्यांचं बघून होईपर्यंत त्या पोरीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. आभार मानायची त्यांना सवय नव्हती. तो शब्द जिभेवर आला की अडखळायचा. पण हात काही काढला नाही.

खाली आल्यावर त्यांनी उत्तनला फोन लावायला सांगितला.

"महिपतराव, शुक्रवारी माझा डोळा उघडतायत. पट्टी सुटली की त्या डोळ्याने पण अरुंधती बघायचीय. तोवर दुर्बीण ठेवून घेते."

"ठेवा, बाय. पावसाळाभर बोट किनाऱ्यावरच हाय. घाई न्हाय."

सुगंधाबाई उठून खिडकीशी गेल्या. मग फोन तोंडाशी नेऊन, आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "लेक फार चांगली वाढवलीत हो. दुर्बीण देईन परत. लेक मागू नका."