मागच्याचं काम

बाबांना एकटं विमानात बसवू नकोस, असं मी यतीनला सोमवारपासून सांगत होते. त्याचं उत्तर म्हणून शनिवारी त्याने सहल काढली. "चार किलोमीटरची वाट आहे, लहान मुलंसुद्धा चालतात. बाबा कसे चालतात ते बघ आणि मग बोल," म्हणाला. पायांबद्दल मी कधी तक्रार केली होती? पण आमच्या घरात प्रश्न एक असतो आणि उत्तर भलत्याचंच मिळतं, हे बारा वर्षांच्या संसारात मला पाठ झालं आहे.

बाबा म्हणजे माझे सासरे, जयप्रकाश. वय चौऱ्याहत्तर. भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं भूकरमापक होते. कराड भागातल्या कित्येक बांधांची भांडणं त्यांनी साखळीने जमीन मोजून मिटवली. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि तेव्हापासून ते कराडला एकटे राहतात. फेब्रुवारीत आमच्याकडे हॉलंडमध्ये, फेल्डहोवनला आले. येत्या मंगळवारी व्हिसाचे नव्वद दिवस संपत होते. तिकीट एकट्याचं होतं आणि मध्ये दिल्लीला विमान बदलायचं होतं.

या तीन महिन्यांत मी काय काय पाहिलं ते माझं मला माहीत. एकदा ते आल्बर्ट हाइन सुपरमार्केटच्या दारात दूध हातात धरून उभे होते, कारण घर डावीकडे की उजवीकडे ते आठवेना. आमच्या मुलीला, ईशानीला, दोनदा विशाखा म्हणाले. विशाखा त्यांची बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झाली. चहाचा कप धुवायला ठेवून पाच मिनिटांत विचारायचे, "आज चहा नाही का?" यतीनचं सगळ्यावर एकच, "वय झालंय गं." हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेऊ या म्हटलं, तर म्हणाला पाहुणे आलेत, पेशंट नाही. कामावर एका नॅनोमीटरच्या चुकीसाठी आठवडाभर डोकं फोडून घेणारा हा माणूस, आणि समोर बसलेला बाप त्याला दिसत नव्हता. मला त्याचा राग येत होता. शिवाय भीतीही वाटत होती, ती माझ्यापुरती. डिपेंडंट व्हिसावर आले, नऊ वर्षं घरात बसले आणि आत्ता जानेवारीत खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, मला नोकरी लागली होती. बाबांबरोबर कुणीतरी जायचं ठरलं तर पहिलं बोट कुणाकडे जाईल, हे मी ओळखून होते.

मास्त्रिख्तच्या दक्षिणेला सावल्सबोस नावाचं जंगल आहे. सपाट हॉलंडमध्ये डोंगर बघायचा तर इकडेच यावं लागतं. त्यालाही आपण टेकडीच म्हणू. पण सगळी टेकडी खडूची आहे. पायाखाली पांढरी माती, उतारावर पांढरी ढेकळं, आणि पाच हजार वर्षांपूर्वी लोकांनी त्या खडूत भुयारं खणून कुऱ्हाडींसाठी चकमकीचे दगड काढलेले. वाट दाखवायला पिवळ्या टोकाचे खांब होते.

बाबा गाडीतून उतरले तेच खुशीत. माती चिमटीत धरून चोळली, वास घेतला. "सुमेधा, हिच्यात चुना आहे बघ. आपल्याकडे अशी जमीन असती तर मोजणी करताना विजारी पांढऱ्या झाल्या असत्या," म्हणाले आणि ईशानीचा हात धरून पुढे निघाले. नऊ वर्षांची ईशानी मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. तरी आजोबांशी तिचं छान जमत असे. मार्चमध्ये त्यांनी तिला पार्कात दोरी आणि कबाबच्या काड्या घेऊन साखळी मोजणी शिकवली होती. पुढचा माणूस साखळी ताणतो आणि टोकाला खुंटी रोवतो. मागचा तिथवर आला की ती खुंटी उचलतो. शेवटी मागच्याच्या हातात किती खुंट्या आल्या, त्यावरून किती साखळ्या जमीन झाली ते कळतं. "पुढच्याने रोवायचं, मागच्याने उचलायचं. एक जरी राहिली तरी हिशेब चुकला," हे बाबांचं वाक्य ईशानी मला आंघोळ करतानासुद्धा ऐकवायची.

आम्ही दोघं मागून भांडत चाललो होतो. मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात, त्यामुळे जास्तच विखारी. प्रत्येक वळणावर बाबा वाकत, खाली काहीतरी ठेवत, आणि ते पुढे गेले की ईशानी पळत मागे येई. मला वाटलं, खेळताहेत. बरं झालं, आपल्याला भांडायला वेळ मिळाला.

एका बाकावर दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. मग दोन वळणं पुढे, जुन्या खाणीच्या तोंडाशी लोखंडी दार होतं तिथे पोचलो, तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की कानटोपी बाकावरच राहिली. "आलोच घेऊन," ते म्हणाले.

"मी जातो," असं म्हणायला यतीनने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे बघितलं. बाबा पाठमोरे झाल्यावर म्हणाला, "जाऊ दे त्यांना. दोन वळणं आहेत. दहा मिनिटांत आले, तर हा विषय तू कायमचा बंद करायचास."

मी थांबवायला हवं होतं. मी म्हणाले, "बघू या."

हे लिहिताना मला लाज वाटते. तो आपलं खरं करायला बापाला पाठवत होता, आणि मी माझं खरं व्हावं म्हणून गप्प बसले.

दहा मिनिटं झाली, मग वीस. बाबांचा फोन माझ्याच पिशवीत होता. आम्ही परत फिरलो तेव्हा कळलं की खांबांवरचे बाण एकाच बाजूला आहेत, उलट येणाऱ्याला ते दिसतच नाहीत. बाकावर कानटोपी तशीच पडली होती. यतीनने हाका मारायला सुरुवात केली. आधी "बाबा," मग "अहो बाबा," मग नुसतंच ओरडणं. एवढ्या मोठ्या आवाजात तो या देशात कधी बोलला नव्हता.

ईशानी रडायला लागली. "बट ही कान्ट गेट लॉस्ट," ती म्हणाली, "ही पुट द स्टोन्स."

"कुठले स्टोन्स?"

तिने जॅकेटचे दोन्ही खिसे उलटे केले. खडूचे पांढरे तुकडे, सात. प्रत्येक वळणाचा एक. "आय पिक्ट देम ऑल अप. मागच्याचं काम," ती म्हणाली. एवढे दोनच शब्द मराठीत.

यतीन त्या सात तुकड्यांकडे बघत राहिला. बाबा खेळत नव्हते. परत येताना वाट सापडावी म्हणून ते खुणा ठेवत होते, आणि आमच्या मुलीने त्या शिकवल्याप्रमाणे चोख उचलल्या होत्या. यतीनचा चेहरा पडला, आणि मला त्यात माझा विजय वगैरे काही वाटला नाही.

बाबा सापडले ते जंगलाच्या कडेला, लाल टोकाच्या, म्हणजे दुसऱ्याच वाटेच्या एका खांबाजवळ. कुत्रा घेऊन निघालेली एक बाई त्यांच्याजवळ थांबली होती आणि इंग्रजीत काहीतरी समजावत होती. त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते गुडघ्यांवर बसून खांबाच्या बुडाशी पालापाचोळा उकरत होते. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

"यतीन, इथे दगड ठेवला होता मी," ते म्हणाले. "प्रत्येक वळणावर ठेवला होता. ठेवला होता ना रे? का मला नुसतं वाटलं?"

यतीन त्यांच्याशेजारी खाली बसला. आणि माझ्या मनात त्या क्षणी काय आलं तेही सांगते. आपण गप्प राहिलो, तर बाबा स्वतःच कबूल करतील की डोकं चालत नाही, आणि मग कुणाशी वाद घालायची गरजच उरणार नाही. एक क्षणभरच आलं, पण आलं.

मी ईशानीला पुढे ढकललं. "सांग आजोबांना."

तिने ओंजळ पुढे केली. "आजोबा, मी उचलले. सॉरी."

बाबांनी तुकडे मोजले. एकदा, दोनदा. "सात," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे ठेवले होते मी. मागच्याने उचलले. मोजणी बरोबर आहे." त्यांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवर पांढरे हात उमटले. त्या बाईचे मी डांक यू वेल म्हणत आभार मानले. ती मान हलवून गेली.

आम्ही तिथेच गवतात बसलो. मी थर्मासमधला चहा ओतला. यतीन म्हणाला, "बाबा, हे कधीपासून?"

"खुणांचं? वर्ष झालं." बाबा कपाकडे बघून बोलत होते. "कराडला घरापासून मंडईपर्यंत विजेच्या खांबांवर खडूने रेघा मारल्यात. पोरं समजतात, लाइटवाल्यांच्या असतील. पावसात धुऊन जातात, मग पुन्हा मारतो. गेल्या पावसाळ्यात एकदा पुसल्या होत्या, तर दुपारपर्यंत पोस्टाच्या पायरीवर बसलो. ओळखीचा कुणी येईल म्हणून." मग हसायचा प्रयत्न केला. "आख्ख्या तालुक्याच्या हद्दी दाखवल्या मी. सांगणार कुणाला?"

"मला सांगायचं," यतीन म्हणाला.

"तू फोनवर विचारायचास ना, कसे आहात. मी म्हणायचो, बरा आहे. तुला ते पटायचं."

यतीनने मान खाली घातली आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. राग होताच, पण हातही ठेवला.

डोळे पुसून तो म्हणाला, "मंगळवारी मी येतो तुमच्याबरोबर."

बाबांनी चहा संपवला, कप उपडा करून झटकला. "ये. पण तुझं परतीचं तिकीट कधीचं?"

यतीन माझ्याकडे बघायला लागला. त्याचे आठ-दहा दिवस, फार तर महिना. मग माझी पाळी, माझी जानेवारीतली नोकरी, मग पुन्हा तो. सगळं मला दिसत होतं, आणि त्यातलं काहीही मला नको होतं. बाबा थांबले होते. त्यांच्या हातात अजून ते सात तुकडे होते.

"ते काढलेलं नाही, बाबा," मी म्हणाले. "इतक्यात काढणार पण नाही."