हॉल्वरच्या मुठीतला प्लग

आर्डिसने दोरी ओढली, बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाचं इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. तिने परत ओढली, परत तेच. मी गोठलेल्या तळ्यावर हाकेच्या अंतरावर, मासे धरायच्या माझ्या भोकापाशी बादली उलटी घालून बसलो होतो आणि काही दिसलंच नाही असं दाखवत होतो. आमच्या तळ्यावर रीतच तशी आहे. कुणाचं यंत्र अडलं तर धावत जायचं नाही. कॉफीचा कप घेऊन रमतगमत जायचं आणि वाऱ्याबद्दल बोलायचं. मदतीचं नाव त्या अडलेल्या माणसाने काढायचं, आणि तो काही केल्या काढत नाही.

तिचा नवरा हॉल्वर शेजारीच बर्फावर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये बसला होता. हीटर चालू, काच वीतभर खाली. गेल्या एप्रिलमध्ये त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द राहिला, उफ दा. आमच्या नॉर्वेच्या आज्यापणज्यांनी बोटीतून येताना तो बरोबर आणला. जेवण जास्त झालं तरी उफ दा, पाय घसरला तरी उफ दा, शेजारी मेला तरी तेच. त्यामुळे हॉल्वरचं बोलणं पहिल्या दिवशी कुणाला फारसं वेगळं वाटलंच नाही. पण त्याच्याकडे आता तेवढंच होतं, आणि आर्डिस म्हणायची की त्याला सगळं कळतं. डॉक्टर म्हणायचे, कळत नाही. हो म्हणायचं तिथे तो मान आडवी हलवतो, नाही म्हणायचं तिथे उभी, मग कशावरून कळतं?

डॉक्टरांचं खरं धरून त्यांची मुलगी ब्रिटा मिनियापोलिसहून आली होती. तिथे एका चांगल्या वृद्धाश्रमात दोघांसाठी खोली मिळत होती, आणि सोमवारी होकार कळवायचा होता. म्हणजे तळ्याकाठचं घर विकायचं. आर्डिस काही भांडली नाही. "शनिवारी आम्ही मासे धरायला जातो, तू पण चल," एवढंच म्हणाली. आता ब्रिटा शहरातल्या पातळ बुटांत बर्फावर पाय आपटत उभी होती आणि आईची धडपड बघत होती.

मी कॉफी घेऊन गेलोच.

"वारा उत्तरेचा आहे," मी म्हणालो.

"आहे खरा," आर्डिस म्हणाली आणि दोरी ओढली. इंजिन खोकलं.

"दुपारपर्यंत पडेल म्हणतात."

"पडू दे."

एवढं झाल्यावर माझ्याच्याने राहवेना. चाळीस वर्षं मी शाळेची बस चालवली, इंजिनातलं मला कळतं असा माझा समज आहे. "सरक बघू जरा," म्हणून मी तिच्या हातातून दोरी घेतली. इंजिनात पेट्रोल ढकलायचा रबरी फुगा चांगला पाच-सहा वेळा दाबला, चोक पूर्ण लावला आणि जी ओढायला लागलो, ती दंड भरून येईपर्यंत. इंजिनाने आता खोकणंही सोडलं.

ट्रकमधून आवाज आला, "उफ दाऽऽ!"

"तुला थांब म्हणतोय," आर्डिस म्हणाली. "पेट्रोल जास्त झालं म्हणतोय. प्लग भिजवलास तू."

"आई," ब्रिटा थकलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा नुसतं काहीतरी म्हणतो आणि अर्थ तूच लावतेस. भिजल्याचा वास मलासुद्धा येतोय."

आर्डिसने पान्याने प्लग काढला. ओला, काळा, ठिबकणारा. ती तो कोटाला पुसणार तेवढ्यात काचेच्या फटीतून हॉल्वरचा डावा हात बाहेर आला, तळवा वर. तिने प्लग त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो मुठीत घेतला आणि मूठ हीटरच्या झरोक्यापाशी धरली. गार इंजिनाला गरम प्लग लावला की ते अर्धं राजी होतं, हे मलाही माहीत आहे. फक्त मला ते ऐनवेळी आठवत नाही.

मग हॉल्वरने मूठ नाकाशी नेली आणि हुंगली. चेहरा कडू केला. "उफ दा," तो हळू, खाली ओढल्यासारखं म्हणाला आणि हनुवटीने बर्फावरच्या लाल कॅनकडे दाखवलं.

"पेट्रोल?" आर्डिस म्हणाली. "पेट्रोलला काय झालं? चांगलं आहे पेट्रोल."

"उफ दा."

"मी स्वतः भरलंय. तेल मिसळलेलं आहे, प्रमाण बरोबर आहे. पाणीबिणी काही नाही त्यात."

"उफ दा!"

"अरे, प्लगचं काहीतरी आहे. जुना झालाय तो, मी तुला घसा बसेपर्यंत सांगितलं की नवा आणू या, तर तू..."

"उफ दा, उफ दा, उफ दा!"

"ओरडू नकोस माझ्यावर! एवढं येतंय तर ये खाली आणि ओढ दोरी!"

आणि तो खरंच प्लगच्या मुठीनेच दाराच्या कडीशी झटापट करायला लागला. मी ब्रिटाकडे पाहिलं. ती पाय आपटायची थांबली होती. आई भांडत होती. अर्थ जर आईच लावत असेल, तर तिच्या विरुद्ध कोण बोलत होतं? हे तिच्या तोंडावर इतकं स्वच्छ उमटलं की मला तिची दया आली.

ती ट्रकच्या काचेपाशी गेली. "काय रे बाबा? पेट्रोलला काय झालंय?"

हॉल्वरने कडीचा नाद सोडला. तिच्याकडे पाहिलं. मग प्लगची ती डावी मूठ मागे नेली, जणू तिच्यात काही धरलंय, आणि कोपर शरीरापासून थोडं आत-बाहेर केलं. एकदा, दोनदा. डोळे पुढे, दूर कुठेतरी.

मला वाटलं, खांदा दुखतोय. आर्डिसला काय वाटलं ते मला माहीत नाही.

"होडी," ब्रिटा म्हणाली. "तो होडी चालवतोय. मागे बसून दांडा धरलाय. आई, हे होडीतलं पेट्रोल आहे का?"

आर्डिसचा हात तोंडावर गेला.

होतं. उन्हाळाभर होडीच्या इंजिनासाठी आणलेलं, सप्टेंबरात उरलेलं. तेलाचं प्रमाण दोन्ही यंत्रांना सारखंच लागतं, मग अर्धा कॅन टाकून कशाला द्यायचा? ही चूक आमच्याच लोकांनी करावी. आम्ही तीन दिवसांचं शिळं सुद्धा चौथ्या दिवशी चीज घालून भट्टीत ठेवतो. पण उन्हाळ्याचं पेट्रोल बनवतात तेच मुळी उन्हात उडून जाऊ नये म्हणून. असल्या थंडीत ते वाफच धरत नाही, ठिणगी पडते आणि पेटायला काही नसतं. हॉल्वर दर नोव्हेंबरात होडीतलं उरलेलं थोडं थोडं ट्रकच्या टाकीत जिरवायचा आणि गिरमिटासाठी नवीन आणायचा. आर्डिसला हे कधी सांगायची वेळ आली नव्हती, आणि वेळ आली तेव्हा शब्द राहिले नव्हते.

"मग बोलला का नाहीस आधी?" आर्डिस त्याच्यावर खेकसली, आणि आपण काय बोललो ते कळून तिला हसू फुटलं. तोही हसला, अर्ध्याच चेहऱ्याने, पण पोट धरून.

माझ्याकडे जनित्रासाठी आठवड्यापूर्वी घेतलेलं पेट्रोल होतं. मी ते आणलं. काही न विचारता आणि वाऱ्याचं नाव न काढता आणलं, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. गिरमिटाची टाकी रिकामी केली. ट्रकच्या सीटखालची तेलाची बाटली ब्रिटाने काढली आणि दुसऱ्या डब्यात घेतलेल्या माझ्या पेट्रोलावर ओतायला लागली. डोळे बाटलीवर नव्हते, बापावर होते.

"उफ," तो म्हणाला, आणि "दा" म्हणेपर्यंत तिने बाटली उभी केली होती. मग ते मिश्रण गिरमिटाच्या टाकीत गेलं.

मी प्लगच्या भोकातून आधीचं ओलं निघून जावं म्हणून दोरी चार वेळा मोकळी ओढली. एवढं काम मला दिलं होतं. हॉल्वरने मूठ उघडली. प्लग कोरडा आणि चांगला गरम होता, त्याच्या तळव्यावर त्याची लाल खूण उमटली होती. चटका बसला असणार. त्याने तो सोडला नव्हता. आर्डिसने तो जागेवर बसवला.

"मी ओढते," ब्रिटा म्हणाली.

"पाय रोवून उभी राहा," आर्डिस म्हणाली. "चोक लाव."

ब्रिटाने ओढली. इंजिन एकदा भुंकलं आणि बंद पडलं. माझा हात आपोआप फुग्याकडे गेला, तर ट्रकमधून असा काही आवाज आला की मी हात खिशात घातला.

"चोक अर्धा काढू?" ब्रिटाने मान वळवून विचारलं. आईला नाही, त्याला.

"उफ दा." आखूड, सरळ, वर जाणारा.

तिने चोक अर्धा मागे घेतला आणि ओढली. गिरमिट पेटलं. धूर, कल्ला, आणि सगळं यंत्र तिच्या हातात थरथरायला लागलं. आर्डिसने दुसरी मूठ धरली, आणि मायलेकींनी मिळून पातं बर्फाला लावलं. पांढरा चुरा बुटांवर चढत गेला, मग काळं पाणी उसळून वर आलं. मी बरीच माणसं बघितली आहेत जी दोन्ही हात आणि सगळी भाषा शाबूत असून असलं इंजिन चालू करू शकली नाहीत. मी त्यांच्यातला एक आहे. हा माणूस ट्रकमध्ये बसून, एका कानाने आणि एका नाकाने, दीड शब्दात ते करून गेला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि मी तसं मोठ्याने म्हणालो. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही ते बरंच झालं.

ब्रिटाने इंजिन बंद केलं. आर्डिस गळ टाकायला वाकली, पण ब्रिटा ट्रककडे गेली. तिने दार पूर्ण उघडलं आणि बापासमोर उभी राहिली. तिच्या बाह्या तेलाने भरल्या होत्या.

"बाबा, शहरात खोली बघितलीय तुमच्यासाठी. आईला विचारलं, डॉक्टरांना विचारलं. तुला विचारलंच नाही. यायचंय का तुला?"

आर्डिस वाकली होती तशीच राहिली. मी माझ्या कपातल्या गार कॉफीत बघत बसलो.

हॉल्वरची मान उभी हलली, हो म्हटल्यासारखी. डॉक्टरांनी बघितली असती तर कागदावर हो लिहिलं असतं. पण बरोबर आवाजही आला, इतका खोल आणि इतका सावकाश की मी तळ्यावर तसा कधी ऐकला नाही.

"उफ... दा."

ब्रिटा मानेकडे बघतच नव्हती. "बरं," ती म्हणाली. "नाही कळवते." तिने बाहीने डोळे पुसले तसं तेल गालभर पसरलं.

तो लगेच परत म्हणाला, "उफ दा!" या वेळी आखूड आणि चिडका.

आर्डिस सरळ झाली आणि तिने सांगायला तोंड उघडलं. ब्रिटाने तिला हातानेच थांबवलं.

"थांब, मला कळलं," ती म्हणाली. "थंडी आत येतेय." ती पलीकडून ट्रकमध्ये चढली, दोन्ही दारं लावून घेतली आणि त्याच्याशेजारी बसली.