घाटावरचं मोकळं टोक

गेल्या वर्षी यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीचं घड्याळ ऐन फायनलला बंद पडलं आणि त्याचं खापर वैजयंतीच्या डोक्यावर फुटलं. फुटणारच होतं म्हणा. घाटाच्या पायथ्याला गाडा सुटल्याची वेळ टिपणारं यंत्र, वर निशाणापाशी दुसरं यंत्र, मंडपापुढे मोठा पडदा, आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारे दोन स्विच, एक वर आणि एक खाली, असा सगळा पसारा तिनेच मांडला होता. जुन्नरच्या बाजारात तिचं नेटचं दुकान. गावातल्या शाळेला, ग्रामपंचायतीला, डेअरीला नेट पुरवायची तीच. पण स्विचला गावात कुणी स्विच म्हणत नसे. त्याचं नाव 'सूनबाईचा डबा'.

घाट म्हणजे शर्यतीची चढती धावपट्टी, आणि तिच्यावर गाडे एकेकटे पळतात. ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला तो घाटाचा राजा. वेळच टिपली गेली नाही तर बैल विमानासारखे का पळेनात, ती धाव, ती बारी, धरत नाहीत. आणि घड्याळाने नेमका दगा द्यावा तो कुणाच्या बारीला? वैजयंतीच्या सासऱ्यांच्या, हौशीरामांच्या! पडद्यावरचा आकडा गोठला तो गोठलाच. लोक पंचांच्या अंगावर धावून गेले, कुणीतरी रागाने वायरी उपसल्या, डबा मातीत लोळला. बिघाड कशाने झाला त्याचा माग तिथेच बुजला.

तेव्हापासून हौशीराम सुनेशी बाकी सगळं नीट बोलत, पण बैलांचा विषय निघाला की भिंतीकडे बघून म्हणत, "बैलांनी कमावलं, डब्यानं खाल्लं." हे वर्षभर. ताटात भाकरी वाढताना हे ऐकलं की वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण पुरावा नव्हता.

यंदा यात्रा पंधरवड्यावर आली तशी कमिटीचे अध्यक्ष दादाभाऊ दुकानात आले. चहा घेतला, आणि कप ठेवता ठेवता बोलले.

"हे बघ सूनबाई, औंदाचा शेवटचा चान्स. पडदा एकदा जरी गेला ना, तर नुसता घाटावरचा न्हाई, शाळंतला, पंचायतीतला, डेअरीतला, समदा डबा गावाभायेर. पुण्याची पार्टी तयार हाय."

शाळेपर्यंतची वायर तिने स्वतः खांबावर चढून ओढली होती. तेव्हा हेच दादाभाऊ खाली शिडी धरून उभे होते. ते आठवून तिला रडू आलं नाही, चीड आली. तिच्या बाबतीत चीड बरी. चिडली की ती कामाला लागते.

तिला संशय होता वळशाचा. वायरीचं एक टोक स्विचमध्ये आणि दुसरंही त्याच स्विचमध्ये गेलं, तर आतला निरोप घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरत बसतो, दर फेरीला वाढत जातो, आणि खऱ्या निरोपाला वाटच उरत नाही. पण घाटावर वळसा घालणार कोण? कुणाला काय पडलंय? तेवढ्यात कंपनीने स्विचसाठी नवं सॉफ्टवेअर काढलं. त्यात वळसा दिसताच वायर खोचायचं तेवढंच एक भोक बंद करायची सोय होती. अनोळखी यंत्र कुणी जोडलं तर त्याला आत न घेण्याची होती. एक रस्ता तुटला तर निरोप आपोआप दुसऱ्या रस्त्याने न्यायचीही होती. जुन्या सॉफ्टवेअरला यातलं काही धड येत नसे. वैजयंतीने दोन्ही डबे घरी आणून ओट्यावर मांडले, नवं सॉफ्टवेअर चढवलं आणि स्वतःच त्यांना छळायला बसली. मुद्दाम वळसे घातले, वायरी तोडल्या, नको ती यंत्रं जोडली. सासूबाई कुशाबाई परात घेऊन ताटकळत उभ्या.

"अगं, भाकऱ्या कुठं थापू? तुझ्या डब्यावर?"

यात्रेच्या दिवशी तिने पायथ्याचा डबा लोखंडी पेटीत बसवला. चैत्रातलं ऊन असं की पेटीचं झाकण उघडंच ठेवावं लागलं. अडीअडचणीला म्हणून डब्याला एक जादा वायर जोडून ठेवली होती. तिचं दुसरं टोक बाहेर लोंबत होतं. शेजारीच हौशीराम बैलांची दावी तपासत होते. मोकळं टोक दिसलं की म्हाताऱ्याचा हात शिवशिवतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मोकळं दावं बैलाच्या पायात येतं, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. एकदा तर त्यांनी बोलता बोलता पाहुण्याच्या पिशवीचा पट्टा खुर्चीला बांधून टाकला आणि पाहुणे उठले ते खुर्ची घेऊनच! वैजयंतीला ती गोष्ट आठवली, हसू आलं, आणि ती वर पंचांच्या मचाणावर निघून गेली. तिथेच तिची चूक झाली, पण तेव्हा ते कुठे कळायला?

पहिले गाडे सुटले आणि तासाभरात मोहित मचाणावर चढून आला. हा पोरगा यूट्यूबवर शर्यती दाखवायचा.

"ताई, माझा राउटर चालंना! डब्यात घातला तर लाइट बी लागंना."

"माझ्या डब्यात तुझा राउटर कुणाला विचारून घातलास?"

"गेल्या टायमाला तर..."

"गेल्या टायमाला डबा कुणालाबी घरात घेत व्हता. आता न्हाई घेत." तिने त्याला वेगळी जोडणी काढून दिली आणि मनातल्या मनात डब्याची पाठ थोपटली.

दुपारी मंडपवाल्याच्या टेम्पोने घाटाच्या कडेची मुख्य वायर तोडली. पण खालचा निरोप डोंगरकडेला बसवलेल्या बिनतारी रेडिओवरून वर येऊ लागला आणि पडदा क्षणभरही अडला नाही. दादाभाऊंना काही कळलं नाही. ते भजी खात होते.

मग फायनल आली. शेवटची बारी हौशीरामांची. पायथ्याला बैल जुंपले जात होते, निवेदकाचा आवाज चढत होता, माणसं दरडीवर मुंग्यांसारखी लागली होती. तेवढ्यात वैजयंतीच्या लॅपटॉपवर लाल ओळ उमटली. पायथ्याचा डबा, सातवं भोक: वळसा.

तेच गाव, तेच सासरे, तीच फायनल, आणि पुन्हा तेच!

"भिर्रर्र!" निवेदक ओरडला आणि गाडा सुटला.

लाल ओळीखाली दुसरी ओळ आली: सातवं भोक बंद केलं. बाकी सगळं सुरू. तिने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. आकडे पळत होते! पुढे वाट दाखवणारी घोडी, मागे बैल, त्यांच्यामागे धूळ, आणि पडद्यावर आकडे त्यांच्या बरोबरीने पळत होते. निशाण पडलं, आकडा थांबला. अकरा सेकंद आणि वर चिमूटभर. दिवसभरात कुणाचाच गाडा अकराच्या घरात आला नव्हता.

"घाटाचा राजाऽ! हौशीराम!"

सगळा घाट वर धावला. वैजयंती एकटी खाली धावत सुटली. आनंदाने तिला ओरडावंसं वाटत होतं, पण आधी तिला ते सातवं भोक बघायचं होतं. हौशीरामांचे गुडघे चढाला साथ देत नसत, म्हणून ते पेटीला टेकून बसले होते आणि चक्क रडत होते. त्यांना मानाच्या फेट्यासाठी वर न्यायला दादाभाऊही मागोमाग आले.

वैजयंतीने पेटीत पाहिलं. जादा वायरीचं लोंबतं टोक सातव्या भोकात व्यवस्थित बसवलेलं.

"आबा, ही वायर हितं कुणी खोचली?"

"मीच की." हौशीरामांनी डोळे पुसले. "बैल जुंपताना पायात येत व्हती. मोकळं टोक असं टाकून जातंय का कुणी? गेल्या साली बी लोंबत व्हती, तवा बी मीच खोचली. तुला कॉम्प्युटरचं लई कळतंय, पर दावणीचं कायबी कळत न्हाई."

दादाभाऊंनी कान टवकारले. "गेल्या साली बी?"

वैजयंतीच्या जिभेवर वर्षभराचं साचलेलं होतं. तिने ते गिळलं नाही, पण ओकलंही नाही. वायर हातात धरून तिने सांगितलं, "आबा, एक टोक डब्यात आन् दुसरं बी त्याच डब्यात, की निरोप गोल गोल फिरत ऱ्हातो. घड्याळाला वाट मिळत न्हाई. गेल्या साली डब्याला ते कळत नव्हतं, म्हणून पडदा गेला. औंदा कळलं. तुमी खोचली, आन् त्यानं तेवढंच भोक बुजवून टाकलं."

म्हाताऱ्याने वायरीवरून बोट फिरवत नेलं, डब्यापासून परत डब्यापर्यंत.

"म्हंजी माझ्या बैलांची बारी मीच खाल्ली?"

"हां, आबा." यात तिला पाणी घालायचं नव्हतं.

हौशीराम उठले. दादाभाऊंच्या खांद्याचा आधार घेत, गुडघे करकरवत अख्खा घाट चढले. निवेदकाने फेटा पुढे केला, तो त्यांनी डोक्याला लावू दिला नाही. माईक ओढून घेतला.

"मंडळी, गेल्या साली घड्याळ बंद पाडलं ते माझ्या ह्या हातानं. वरीसभर मी सुनंला बोल लावला. आज परत तेच करून बसलो व्हतो, पर तिच्या डब्यानं माझं चालू दिलं न्हाई. हा मान नुसता बैलांचा न्हाई, तिचा बी हाय. आन् तिचा डबा गावाभायेर काढायचाय त्यानं आधी माझ्यापुढं यावं!"

घाट असा गरजला की बैल बिथरले. दादाभाऊंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. धोरणी माणूस! मग मागे वळून हळूच म्हणाले, "सूनबाई, आता दवाखान्याचं कनेक्शन बी तूच टाक."

वैजयंती वर पोचेपर्यंत हौशीरामांच्या दोन्ही मुठी गुलालाने भरल्या होत्या आणि ते मचाणावरच्या डब्याकडे निघाले होते. तिने त्यांचं मनगट धरलं.

"आबा, तिथं नको! आत जाईल."

"मग कुठं टाकू?"

"मला लावा."

त्यांनी लावला. नुसता कपाळाला नाही, गालांना, केसांना, सगळीकडे. मग फेटा तिच्या डोक्यावर ठेवला. इतकी वर्षं या घाटावर बाईच्या डोक्याला फेटा कुणी पाहिला नव्हता, पण हू का चू झालं नाही. वैजयंती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, गुलालामुळे नव्हे.

फेट्याचा शेमला तिच्या खांद्यावरून मोकळा लोंबत होता. तो खोचायला हौशीरामांचा हात सवयीने पुढे गेला, आणि मध्येच थबकला. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"सूनबाई, हे टोक खोचू, का ऱ्हाऊ दिऊ?"

"ऱ्हाऊ द्या, आबा," ती म्हणाली. "मिरवू द्या."