चिंगीची गाठ

आळ्याहून पारगाव आणि पारगावहून परत नारायणगाव, असं हिंडून डॉक्टर इंद्रायणी दवाखान्यात पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. डबा अजून पिशवीतच होता. सकाळी आळ्यात एका नुकत्याच व्यालेल्या गायीची वार अडकली होती, ती काढताना तिचा खांदा भरून आला होता. त्यात आज गुरुवार, म्हणजे संशोधनाचा दिवस. कुत्र्यांच्या कर्करोगावर एक नवं औषध तपासायचं काम तिनं दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं अंगावर घेतलं होतं. हौस केव्हाच आटली, काम तेवढं राहिलं.

दारात गेणभाऊ उभा होता. दवाखान्यात जनावरं धरता धरता त्याचे केस पांढरे झाले होते.

"बाई, पेठेतल्या कस्तुरबाई आल्यात. दोन तास झालं, उठायचं नाव न्हाई."

कस्तुरबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. सत्तरीच्या, अंगानं काटकुळ्या. पायाशी पिवळी कुत्री पसरली होती. सोहनलालशेठच्या कापडदुकानाच्या पायरीवर वाढलेली ही चिंगी. शेठ दुकान सांभाळायचे आणि त्यांच्या बायकोनं, कस्तुरबाईंनी, चिंगीला सांभाळलं. चिंगीच्या पोटाखाली, सडाला लागून, लिंबाएवढी गाठ होती. मागच्या गुरुवारी इंद्रायणीनं त्या गाठीत सुई घालून दोन-चार थेंब काढले होते आणि काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. शंका घ्यायला जागा उरली नव्हती. एक्स-रेमध्ये फुप्फुसांवरही ठिपके दिसत होते.

"वाईटच आहे ना?" कस्तुरबाईंनी विचारलं.

"हो, आजी. कर्करोग आहे. छातीत गेलाय."

"कापून निघेल?"

"पोटाची गाठ निघेल. छातीतलं नाही निघणार." इंद्रायणी त्यांच्या शेजारी टेकली. "एक नवं औषध आहे. नेहमीचं औषध सगळ्या अंगाला भाजून काढतं. हे फार बारीक कणांत भरलंय, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या. रक्तातून जाताना ते गाठीतच जास्त अडकतं, असं आम्हाला वाटतं."

"वाटतं?"

"तेच तर तपासायचंय."

कस्तुरबाईंनी चिंगीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "याआधी कुणाला दिलं?"

कुत्र्यांच्या बाकीच्या मालकांना इंद्रायणी 'प्रयोगशाळेत तपासलंय' एवढंच सांगायची. आज शब्द गुळगुळीत करण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं.

"उंदरांना."

"ते बरे झाले?"

"काहींच्या गाठी लहान झाल्या. पण शेवटी सगळ्यांना मारलं. आत काय झालं ते बघायला मारावं लागतं. एकशे चाळीस होते. मीच मारले."

गेणभाऊनं मान खाली घातली. कस्तुरबाई जैन घरातल्या, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकणाऱ्या, त्यांच्यापुढं बोलायची ही गोष्ट नव्हती. कस्तुरबाईंनी इंद्रायणीनं पुढं केलेल्या संमतीपत्राची घडी केली, सही न करताच परत दिली आणि चिंगीला घेऊन निघून गेल्या.

"कशापायी सांगितलं, बाई?" गेणभाऊ म्हणाला.

"विचारलं म्हणून."

पुढच्या गुरुवारी कस्तुरबाई पुन्हा बाकावर हजर होत्या.

"शेठ नको म्हणाले. म्हणाले, पापात वाटेकरी होऊ नकोस. आठ दिवस माझ्या डोक्यात तेच. त्या उंदरांचं जे झालं ते मी नाही म्हटल्यानं परत फिरणार नाही. आणि हिचं कण्हणं ऐकवत नाही मला." त्यांनी हात पुढं केला. "कुठं सही करू?"

दर तीन आठवड्यांनी एक, असे चार डोस द्यायचे होते. सलाइन चढेपर्यंत कस्तुरबाई चिंगीच्या कपाळावर हात ठेवून बसायच्या. दुसऱ्या डोसनंतर लिंबाएवढी गाठ बोराएवढी झाली.

"बाई, गुण आला की राव!" गेणभाऊ हरखला. त्या दिवशी इंद्रायणीनं कित्येक महिन्यांनी वेळेवर डबा खाल्ला.

तिसऱ्या डोसनंतर चिंगी खोकू लागली. अन्नाला तोंड लावेना. एक्स-रेमध्ये ठिपके वाढले होते. चौथा डोस द्यायची वेळच आली नाही. एका मंगळवारी दुपारी फोन आला.

"गेली. पायरीवरच."

इंद्रायणी गाडी घेऊन पेठेत गेली. शव उघडून पाहायचं कलम संमतीपत्रात होतं, पण ते बोलून दाखवायला तिची जीभ रेटेना. कस्तुरबाईंनीच विषय काढला.

"तुम्हाला आत बघायचं असेल."

"नाही म्हणालात तरी चालेल, आजी."

"उंदरांचं बघितलंत, हिचंही बघा. मी बाहेर बसते."

दोघी चिंगीला गाडीत घालून दवाखान्यात आल्या. पोटाची गाठ आतून मेली होती, चुन्यासारखी पांढरी पडली होती. फुप्फुसं मात्र गाठींनी भरलेली. इंद्रायणीनं बाटल्यांत तुकडे घेतले, चिठ्ठ्या चिकटवल्या. मेलेल्या कुत्र्याला कुणी टाके घालत बसत नाही, तिनं घातले, बारीक आणि सरळ.

"पोटातलं औषधानं मारलं," बाहेर येऊन ती म्हणाली. "छातीत काही केलं नाही."

"का?"

"माहीत नाही, आजी."

"पुढं कळेल?"

"कळेल कदाचित. किंवा नाहीही."

कस्तुरबाईंनी मान हलवली. गेणभाऊनं दवाखान्यामागं खड्डा खणून ठेवला होता. दुकानातून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून त्यांनी चिंगीला पुरलं.

परतताना कस्तुरबाई गाडीत बसल्या त्या बसल्या झोपल्या, मान एका बाजूला टाकून. दुकानासमोर गाडी थांबली तरी त्यांना जाग आली नाही. इंद्रायणीच्याही अंगात त्यांना हाक मारण्याचं त्राण नव्हतं. तिनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

सोहनलालशेठ पायरी उतरून आले. काचेतून त्यांनी बायकोकडं पाहिलं, मग इंद्रायणीकडं. तिनं हळूच मान हलवली, उठवू नका. कस्तुरबाईंच्या तोंडावर ऊन येत होतं, तेवढं अडेल अशा बेतानं शेठ खिडकीला पाठ लावून उभे राहिले.